शौचाची डबी देण्याआधी

ठाण्याच्या पाचपाखाडीत एका लॅबचं कलेक्शन सेंटर मी सांभाळते. सकाळी सातला उघडायचं, रक्त-लघवी-शौच जे येईल ते घ्यायचं, लेबल लावायचं आणि दहाच्या गाडीनं मोठ्या लॅबला रवाना करायचं. रक्त द्यायला लोक बाही वर करूनच आत येतात. शौचाची डबी मात्र काळ्या पिशवीत, ती पिशवी वर्तमानपत्रात, ते वर्तमानपत्र आणखी एका पिशवीत, आणि टेबलावर ठेवताना नजर भिंतीवरच्या दरपत्रकाकडे. लाजायचं तर लाजा, पण त्या लाजेत विचारायचं ते राहून जातं आणि नमुना फुकट जातो. म्हणून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या चाळणी तपासणीपुरतं (डॉक्टर तिला स्क्रीनिंग म्हणतात), काउंटरवर बसून जे रोज सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

तपासणीमागची कल्पना साधी आहे. मोठ्या आतड्यातला कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या कोंबापासून सुरू होतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि सगळ्याच पॉलिपचा होतोही असं नाही. पण मोठा पॉलिप किंवा गाठ अधूनमधून किंचित रक्त सोडते. इतकं किंचित, की डोळ्यांना दिसत नाही. ते न दिसणारं रक्त शौचात आहे का, एवढंच ही टेस्ट बघते. कॅन्सर आहे की नाही हे ती सांगत नाही. दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, कोणाला घालून बघायची, तेवढं ती निवडून देते.

काउंटरवर नेमकं काय मागायचं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’, म्हणजे शौचातलं लपलेलं रक्त, असतं आणि घाईत पावतीवर पडतं ‘स्टूल रुटीन’. दोन्ही वेगळ्या टेस्ट आहेत. रुटीनमध्ये जंतांची अंडी, अमीबा, पू-पेशी असं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोट बिघडल्यावर करायची ती तपासणी. पैसे देण्याआधी पावती वाचा. ‘कॅलप्रोटेक्टिन’ नावाची तिसरी एक शौचाचीच टेस्ट आहे. ती आतड्याच्या सुजेसाठी असते, आपला तिच्याशी संबंध नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात ‘सीईए’ नावाची रक्ताची टेस्ट घालून ‘कॅन्सर स्क्रीनिंग’ असं छापतात, त्याला मात्र भुलू नका. सीईए हा कॅन्सर झालेल्या पेशंटवर पुढे लक्ष ठेवायला उपयोगी पडतो. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला तो वापरत नाहीत.

पुढचा प्रश्न पद्धतीचा. लपलेलं रक्त शोधायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही एकाच नावाखाली विकल्या जातात. जुनी ती गुआयक नावाच्या झाडाच्या राळेची. ती रक्तातल्या हीम या भागाच्या रासायनिक गुणावर चालते, त्यामुळे ते हीम तुमचं की कालच्या मटणाचं हे तिला कळत नाही. ती करायची तर आधी तीन दिवस मटण बंद, मुळा-फ्लॉवर बंद, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या बंद, आणि लागोपाठ तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने. मुळ्या-फ्लॉवरनं रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि क जीवनसत्त्वानं उलट, असलेलं रक्त लपतं.

नवी पद्धत ‘फिट’, म्हणजे फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट. यात माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन ओळखणारी अँटिबॉडी असते. बोकडाचं रक्त तिला बोकडाचंच दिसतं. त्यामुळे पथ्य नाही. रविवारी वडे-मटण झालं असलं तरी सोमवारी खुशाल नमुना द्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, पण फिटवर त्याचा परिणाम होत नाही. हृदयासाठी इकोस्प्रिन चालू असेल तर फिटसाठी ती थांबवायची नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून स्वतःच्या मनानं ती गोळी बंद करून येणारे काका मला भेटतात, आणि ती गोळी सोडण्यातला धोका या टेस्टपेक्षा कितीतरी मोठा.

तेव्हा विचारायचं असं: “ताई, ही फिट आहे की जुन्या पद्धतीची? आणि रिपोर्टमध्ये आकडा देता का नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह?” उत्तर येत नसेल तर दुसरी लॅब बघा. ठाण्यात त्यांचा तुटवडा नाही, गोखले रोडवर चालत गेलात तरी पर्याय सापडतील. टेस्ट काहीशे रुपयांची आहे.

परदेशातून फोन येतो तोही विषय इथेच उरकते. मुलगा न्यू जर्सीहून सांगतो, “आई, इथे डीएनएवाली टेस्ट असते, घरी खोका येतो, ती कर.” आहे तशी टेस्ट. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि तिकडे ती दर तीन वर्षांनी करतात. त्या वेळच्या अभ्यासात तिनं शंभरातले ९२ कॅन्सर पकडले आणि फिटनं ७४. पण तिच्यात विनाकारण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही जास्त होतं. फिट दरवर्षी नेमानं केली तर राहिलेलं पुढच्या खेपेला सापडण्याची संधी मिळते. इथे राहून त्या खोक्यासाठी अडून बसायचं कारण नाही.

कोणी ही टेस्ट करू नये

माझ्या दृष्टीनं या अख्ख्या लिखाणातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ही तपासणी काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. “ताई, संडासला लाल रक्त पडतंय, ती रक्ताची टेस्ट करून टाकू?” असं विचारत लोक येतात. अहो, टेस्ट न दिसणारं रक्त शोधते, तुम्हाला तर दिसतंय! अशा माणसाचे पैसे मी घेत नाही, डॉक्टरकडे पाठवते. वजन आपोआप उतरतंय, पोट साफ होण्याची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, पोटात गाठ लागते, हेही तसंच. आणि एक लक्षण घरात कोणी लक्षणच मानत नाही, ते म्हणजे लोह कमी होऊन आलेला अ‍ॅनिमिया. पाळी बंद होऊन वर्षं झालेल्या काकू आणि साठीचे काका, हिमोग्लोबिन नऊ, आणि घरचे खजूर-बीट सुरू करतात. त्या वयात रक्त कुठून चाललंय हे आधी शोधायला हवं. लक्षणं असताना फिट निगेटिव्ह आली तर माणूस निर्धास्त होतो आणि तोच खरा घात. डॉक्टरांनी स्वतः विचार करून सांगितली तर गोष्ट वेगळी.

आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः साठीच्या आत, तर डबीच्या भानगडीत न पडता पोटाच्या डॉक्टरांना भेटा. अशांना सहसा चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हापासून थेट दुर्बिणीची तपासणी सांगतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज-व्रण होतात तो आजार) जुने पेशंट आणि आधी पॉलिप काढलेले यांचाही रस्ता तोच.

उरले बाकीचे. त्यांनी कधी सुरू करायची? अमेरिकेत २०२१ पासून ४५ ते ७५ वयाला तपासणी सांगतात, फिट असेल तर दरवर्षी. इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी किट पोस्टानं घरी येतं. आपल्याकडे सरकारी चाळणी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. म्हणजे इथे कोणी दार ठोठावणार नाही. पंचेचाळीस-पन्नाशी आली की फॅमिली डॉक्टरांकडे विषय तुम्हीच काढायचा. पंच्याहत्तरीपुढे तब्येत बघून त्यांच्याशीच बोलून ठरवा.

संडासातलं काम

नमुना कधी घेऊ नये ते आधी. पाळी चालू असताना नको, संपल्यावर तीन दिवस जाऊ द्या. मूळव्याधीतून रक्त येत असेल (मूळव्याधच आहे हे डॉक्टरांनी बघितलेलं असेल तर, नाहीतर वर लिहिलं तसं आधी डॉक्टर), लघवीत रक्त असेल, जुलाब-आव लागली असेल तर बरं वाटेपर्यंत थांबा. ही इमर्जन्सीची टेस्ट नाही, पुढच्या आठवड्यात चालते.

लॅबकडून बाटली आदल्या दिवशीच नेऊन ठेवा. खऱ्या फिटच्या बाटलीत थोडं औषधी पाणी असतं आणि झाकणाला खाचा असलेली काडी. ते पाणी ओतून टाकायचं नाही. “आत घाण पाणी होतं, धुऊन आणली” असं कौतुकानं सांगणारेही असतात! काही ठिकाणी साधी चमच्याची कोरडी डबी देतात, तीही चालते, फक्त ती लवकर पोचवावी लागते. नाव, वय, तारीख, वेळ आधीच बॉलपेननं लिहा. जेल पेन घामानं पुसतं.

मुख्य नियम एकच: शौच पाण्यात पडायला नको. पाण्यात पृष्ठभागावरचं रक्त धुऊन जातं, आणि कमोडमधल्या क्लीनरनं नमुना बिघडतो. टाकीत निळी वडी टाकलेली असेल तर ती काढा आणि दोनदा फ्लश करा. आधी लघवी करून घ्या. मग कमोडमध्ये एखादा पसरट, रिकामा डबा ठेवा. श्रीखंडाचा अर्धा किलोचा किंवा आइसक्रीमचा डबा बरोबर बसतो, नंतर तो फेकायचाच. डबा बसत नसेल तर सीट उचलून कडांवर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर किंचित झोळ देऊन ठेवा आणि वरून सीट पाडा. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आणखी सोपं, मागच्या उथळ भागावर कागद अंथरला की झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं बेडपॅन चालतं, पण कोरडं हवं. आणि नमुना घेऊन होईपर्यंत जेट स्प्रेला हात लावायचा नाही. सवयीनं हात जातोच, म्हणून सांगते.

आता काडी. रक्त शौचात सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं, बहुधा वरवर आणि एखाद्याच पट्ट्यात असतं. म्हणून एका जागी खुपसून उपयोग नाही. लांबीभर, वेगवेगळ्या बाजूंनी, चार-पाच ठिकाणी काडी पृष्ठभागावर फिरवा. खाचा भरल्या की पुरे. सरळ बाटलीत घाला, ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, थोडी हलवा, आणि पुन्हा उघडू नका. बरं, अजून थोडं घालू असं वाटेल, घालू नका. बाटलीतल्या पाण्याचं आणि नमुन्याचं प्रमाण ठरलेलं आहे. जास्त भरलं की हिशेब बिघडतो, मशीन तुंबतं आणि आम्ही पुन्हा फोन करतो. साधी डबी असेल तर तीन-चार ठिकाणांहून मिळून शेंगदाण्याएवढं. काठोकाठ भरलेली डबी आणली तर जास्त खरा रिपोर्ट येतो अशी समजूत आहे खरी, पण तसं काही नाही. उन्हाळ्यात अशी डबी उघडणाऱ्याचा जरा विचार करा.

ऊन, फ्रिज आणि स्कूटरची डिकी

ठाण्याच्या हवामानात याची जास्त काळजी घ्यायला हवी. हिमोग्लोबिन उष्णतेत मोडतं. मोडलं की अँटिबॉडीला ते ओळखता येत नाही, आणि रक्त असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. इटलीतल्या तपासणी कार्यक्रमात उन्हाळ्यात फिट पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण घटतं असं दिसलं होतं, आणि इथे तर मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर! सकाळी आठला घेतलेला नमुना स्कूटरच्या डिकीत टाकून ऑफिसला गेलात, संध्याकाळी येताना दिलात, तर तो न दिल्यासारखाच. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचाही तसाच.

सकाळी घेतला की सरळ आणून द्या. कोरड्या डबीतला नमुना तासा-दोन तासांत पोचलेला बरा. औषधी पाण्याच्या बाटलीतला जास्त टिकतो, किती ते किटवर लिहिलेलं असतं, तरी त्याच दिवशी द्या. उशीर होणारच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. इथे घरात महाभारत होतं हे मला माहीत आहे. “नैवेद्याचं दूध ठेवते मी त्यात!” असं सासूबाई म्हणणार. बाटली झिपच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा दाराच्या खालच्या कप्प्यात, आणि शक्यतो कोणाला न सांगता. तेही जमत नसेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घालून त्यात ठेवा, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका.

लॅबचा घरी येणारा मुलगा सातला रक्त नेतो आणि तुमचं पोट नऊला साफ होतं, हीसुद्धा रोजची रड आहे. जोर करून बसू नका. त्याला रक्त घेऊ द्या, डबीसाठी “नंतर आणून देतो” असं सांगा. शनिवारी दुपारनंतर नमुना देण्याआधी तो पुढे कधी जाणार ते विचारा. रविवारी अर्धा दिवसच काम असेल तर सोमवार बरा.

रिपोर्ट हातात आल्यावर

निगेटिव्ह आला तर आनंद करा, पण बेताचा. एका वेळच्या फिटमध्ये साधारण चारातला एक कॅन्सर निसटतो आणि मोठ्या पॉलिपपैकी तर जेमतेम पाव भाग सापडतो, कारण ते रोज रक्त सोडत नाहीत. म्हणूनच दरवर्षी. पोट आणि लहान आतड्यातलं रक्त खाली येईपर्यंत पचून जातं, तेव्हा जठराच्या अल्सरबद्दल या रिपोर्टवरून काहीच म्हणता येत नाही. आणि मध्येच लक्षण दिसलं तर मागचा निगेटिव्ह कागद विसरून डॉक्टर गाठायचे.

आकडा दिला असेल तर तो मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये असतो. किती आकड्याला पॉझिटिव्ह म्हणायचं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत २०, आणि इंग्लंडनं २०१९ मध्ये फिट सुरू केली तेव्हा १२० ठरवले होते. त्यामुळे इंटरनेटवर कोणाच्या तरी आकड्याशी आपला आकडा ताडत बसू नका. तुमच्या लॅबची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

पॉझिटिव्ह आला की माझ्याकडे दोन वाक्यं हमखास येतात. एक: “पुन्हा करून बघूया का?” नाही. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही, त्या दिवशी रक्त नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. दुसरं: “मला मूळव्याध आहे, त्याचंच असणार.” असेलही. पण मूळव्याध असलेल्याला पॉलिप होत नाही असं थोडंच आहे? दुर्बीण घातल्याशिवाय हे कोणालाच सांगता येणार नाही, मला नाही, तुम्हाला नाही आणि गल्लीतल्या मूळव्याधवाल्यालाही नाही. तेव्हा नमुना देण्याआधीच स्वतःला विचारा: पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करणार का? उत्तर ‘छे, ते नको बाबा’ असेल तर तुमचे पैसे वाचवा.

पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. कोणाला पॉलिप सापडतात, कोणाला काहीच नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पॉझिटिव्ह फिटनंतर दहा महिन्यांहून जास्त थांबलेल्यांमध्ये कॅन्सर आणि तोही पुढच्या टप्प्यातला सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे आज रात्रीची झोप घालवायची गरज नाही. पण ‘गणपती होऊ देत, मग दिवाळी, मग भाचीचं लग्न’ हेही चालणार नाही. महिना-दोन महिन्यांत उरका.

कोलोनोस्कोपीला लोक घाबरतात ते नळीला. प्रत्यक्षात बहुतेकांना गुंगीचं इंजेक्शन देतात आणि नंतर काही आठवत नाही. त्रास असतो तो आदल्या रात्रीच्या पावडरीचा, दोनेक लिटर पाण्यातून पिऊन पोट पूर्ण धुऊन काढायचं. निम्मी संध्याकाळी, निम्मी पहाटे, असं सांगितलं असेल तर तसंच करा, त्यानं आतडं जास्त स्वच्छ होतं. दोन-तीन दिवस आधीपासून बियांचं काही नको: टोमॅटो, वांगं, पेरू, कलिंगड, तीळ. आदल्या दिवशी गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, लिंबू सरबत. कोकम सरबत आणि बीट नाही, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, आणि रक्त पातळ करायच्या व मधुमेहाच्या औषधांचं डॉक्टरांनाच विचारायचं. गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, कोणीतरी बरोबर न्या. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण हजारात एकापेक्षा कमी. पॉलिप सापडला तर बहुतेकदा तिथेच काढतात, दुखत नाही.

खर्च खासगीत काही हजारांत जातो. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात आधी चौकशी करून बघा. गाठ निघालीच तर खारघरला टाटाचं केंद्र आहे, परळपर्यंत धावायच्या आधी तिथे विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे ना ते आताच बघून ठेवा.

तिथून निघताना दोन कागद मागून घ्या: आतडं कितपत स्वच्छ होतं आणि दुर्बीण टोकापर्यंत गेली का हे लिहिलेला रिपोर्ट, आणि पॉलिप काढला असेल तर त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. पुढची दुर्बीण कधी, हे त्या दुसऱ्या कागदावर ठरतं. काहीच सापडलं नाही आणि घरात कोणाला हा आजार नाही, तर साधारण दहा वर्षं फिटचीही गरज नसते. तेव्हा पुढच्या वर्षी ऑफिसच्या पॅकेजात ती आपोआप आली तर काउंटरवर सांगून त्या ओळीवर काट मारून घ्या.